भिंतीवरचं ऊन

सावित्री नदीचं पाणी ओसरत आहे, हे वाक्य बातम्यांत ताईने वाचलं होतं. खोटं मात्र मी बोललो होतो. वाचायला बसण्याआधी तिने मला विचारलं होतं, "दादा, नदीवर जाऊन आलात ना?" आणि मी कॅमेऱ्यामागून, तिच्याकडे न बघता, "हो, आत्ताच आलो," असं म्हणालो होतो. मी गेलो नव्हतो. त्या एका उत्तराचं ओझं पुढे वीसेक वर्षं तिने वाहिलं आणि मी तिला ते वाहू दिलं. खोटं बोललो यापेक्षा हे दुसरं जास्त वाईट होतं, असं मला आता वाटतं.

महाडच्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा शब्द आम्ही मोठ्या तोंडाने वापरायचो. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले होते, म्हणजे आवाज घुमत नसे. समोरच्या भिंतीवर निळं कापड ताणलेलं, त्यापुढे एक टेबल आणि टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. वाचन सुरू झालं की पंखा बंद करायचा, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये यायची. मे महिन्यात दिव्यांच्या झोतात बसून बातम्या वाचणं म्हणजे शिक्षाच होती. पण पडद्यावर तिच्या कपाळावर घामाचा थेंब कधी दिसला नाही. दोन बातम्यांच्या मध्ये मी चित्रफीत लावली की तेवढ्यात ती रुमालाने तोंड टिपून घ्यायची आणि चित्र संपायच्या आत पुन्हा सरळ बसलेली असायची.

आमचं चॅनल केबलवरून महाड शहरात, बिरवाडीत, दासगावपर्यंत दिसायचं. पोलादपूरला वायर पोचली नव्हती. तिकडे आदल्या दिवशीच्या बातम्यांची कॅसेट सकाळच्या एस.टी.ने जायची. कंडक्टर ती स्टँडवर तिथल्या केबलवाल्याच्या हातात द्यायचा. त्यामुळे पोलादपूरचे लोक म्हणायचे, "तुमच्या महाडात माणूस मेला तरी आमच्याकडे तो एक दिवस जास्तच जगतो."

बातम्या म्हणजे काय, तर कोणाचा वाढदिवस, कोणत्या वाडीची म्हैस हरवली, शाळेचं स्नेहसंमेलन, चवदार तळ्यावरचा कार्यक्रम, उद्या नळाला पाणी येणार की नाही. मुंबईच्या चॅनलवर आपलं गाव वर्षातून एकदा दिसलं तर दिसायचं, आमच्याकडे रोज दिसायचं. लोक आमचे कार्यक्रम बघायचे, आणि खूप मनापासून बघायचे.

पावसाळ्यात आमचा भाव वाढायचा, कारण तेव्हा आम्ही पाण्याची बातमी द्यायचो. तिची एक पद्धत होती आणि ती मीच पाडली होती. नदीच्या घाटाच्या जुन्या दगडी भिंतीसमोर, फुटक्या पायरीवर स्टँड ठेवायचा, कॅमेरा दर वेळी तितक्याच उंचीवर आणि तितक्याच अंतरावर लावायचा आणि भिंतीचं चित्र घ्यायचं. चौकट कधीच बदलायची नाही. त्यामुळे भिंतीचे किती थर पाण्याबाहेर आहेत, हे लोकांना घरबसल्या मोजता यायचं. सकाळी सहा दिसत होते, दुपारी चार दिसतायत, म्हणजे माल वर चढवायला घ्या. ती काय वाचते ते लोक ऐकायचे, पण डोळे दगडांवर असायचे. मला या पद्धतीचा अभिमान होता. काल आणि आज यांत पाण्याशिवाय काहीच बदलू द्यायचं नाही, हीच त्या कामातली खुबी होती. माझं खोटं खपलं तेही त्याचमुळे.

बातम्या वाचणाऱ्या तिला सगळे ताई म्हणत. मी तिच्याहून मोठा, तरी मीही ताईच म्हणायचो. तिचे वडील फोटोंना फ्रेम करून द्यायचे. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. दुकानात बुद्धाची आणि देवांची चित्रं शेजारीशेजारी टांगलेली असत. पण खरं काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. डोंगरातल्या वाड्यांवरून लोक यायचे, पिशवीतून, वहीत जपून ठेवलेला एखादा फोटो काढायचे. बहुतेक वेळा घरात तो एकच असायचा. तो मोठा करून, काच लावून द्यायचा. वडील फोटो हातात घेण्याआधी हात पुसायचे, हे मी पाहिलेलं आहे.

ताई पडद्यावर आली की समोरच्या चहाच्या टपरीतला टीव्ही गल्लीच्या दिशेने फिरवला जायचा. वडील खिळे तोंडात धरून ऐकायचे.

त्या दिवशी मी बिरवाडीला एका कंत्राटदाराकडच्या बारशाचं शूटिंग करायला गेलो होतो. कॅमेरा स्टुडिओचा होता, काम माझं खासगी. मालकांना माहीत नव्हतं. सकाळपासून पाऊस होता, पण आदल्या दिवशी दुपारी चांगली उघडीप पडलेली आणि पाणी खाली गेलेलं, म्हणून मी निर्धास्त होतो. बारशाला पाहुणे उशिरा आले. मग बाळाची आत्या रुसली, तिच्याशिवाय नाव ठेवता येईना. मी घड्याळ बघत उभा. स्टुडिओत पोचलो तेव्हा पाचच्या बातम्यांना थोडाच वेळ उरला होता आणि मालक स्वतः खुर्ची टाकून बसले होते.

मी ओला होतो, म्हणून त्यांना वाटलं मी घाटावरूनच येतोय. "काय म्हणते नदी?" त्यांनी विचारलं. नदीवर गेलो नाही म्हटलं असतं, तर दिवसभर कॅमेरा घेऊन कुठे होतास, हा पुढचा प्रश्न होता. मी "ठीक आहे" म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. जवळ मीच होतो. पोलादपूरचा केबलवाला बोलत होता.

"अरे, इकडं वरती लई ओततंय. सकाळपासून थांबलेलाच नाय. तुमच्याकडं भरती कवा हाय? सांभाळा रे."

वर पोलादपूरला पाऊस आणि खाली खाडीला भरती, या दोन गोष्टी एकदम आल्या की महाडात काय होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी "हो हो, सांगतो" म्हणालो आणि रिसीव्हर ठेवला. कोणाला काही सांगितलं नाही. मग आदल्या दिवशीची कॅसेट काढली, घाटाच्या भिंतीच्या चित्रावर आणून ठेवली. पाच थर दिसत होते. ताईने पदर नीट केला, कागद सारखे केले आणि मला तो प्रश्न विचारला. माझं उत्तर ऐकून कागदावर मोकळ्या ठेवलेल्या जागेत तिने 'पाणी ओसरत आहे' असं लिहिलं. पंखा बंद झाला. मी बोट वर करून खाली आणलं आणि तिने वाचायला सुरुवात केली.

पाणी तिन्हीसांजेला आलं. महाडने जे मोठे पूर पाहिले त्यांत या पुराची गणती कोणी करत नाही. तो खालच्या दोन-तीन गल्ल्यांत कमरेइतका आला आणि सकाळी निघून गेला. माणसं दगावली नाहीत. पण एरवी अशा पाण्याआधी ज्या वस्तू माळ्यावर जायच्या, त्या त्या दिवशी खालीच राहिल्या. तिच्या वडिलांचा फोटोंचा खण खालीच राहिला. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा त्यांनी तो उचलायला घेतला, पण ओलावल्याने फुगून तो बाहेरच येईना.

दुसऱ्या दिवशी मी चिखल काढायला गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येणार नाही. हाताला काम हवं होतं, एवढं खरं. दुकानात ताई आणि वडील जमिनीवर बसून एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवत होते. ते सुटत होते, पण चेहरे सुटत नव्हते. एका कागदावरचे डोळे दुसऱ्या कागदावर जात होते. दारात कातळातल्या वाडीवरची एक म्हातारी उभी होती.

"बाय माझी, माझ्या आयशीचा येकच फोटू होता गो," ती ताईला म्हणाली. रागावली नव्हती. नुसती सांगत होती.

रागावणारे नंतर आले. "पोरगी टीव्हीवर मिरवते आणि आमचं माणूस चिखलात," असं एकाने वडिलांच्या तोंडावर म्हटलं. वडील प्रत्येकाला एकच सांगत होते, "तिचा काय संबंध? मलाच उचलायचा कंटाळा आला." मी शेजारी फावडं घेऊन उभा होतो. तो माणूस आयुष्यात कधी कंटाळला नसेल. मुलीवर येऊ नये म्हणून तो स्वतःवर घेत होता. आणि ताईची आई मागच्या खोलीच्या दारातून मुलीकडे बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तोंड तर तुझंच दिसत होतं गो."

निघताना वडिलांनी मला चहा पाजला. म्हणाले, "स्टुडिओतून तू एकटाच आलास. बरं वाटलं." मी तो चहा प्यायलो.

त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीतले लोक स्टुडिओत आले. जिना भरला. माझं 'ठीक आहे' मालकांनी ऐकलं होतं, तरी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी ओसरतंय हे कोणी सांगितलं?" बोलण्याची वेळ तीच होती. मी कोपऱ्यात वायर गुंडाळत होतो. कोपरापासून पंजापर्यंत एक वेढा, मग उलटा वेढा, म्हणजे वायरला पीळ पडत नाही. मी ती फार मन लावून गुंडाळत होतो. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मी वाचलं. चूक माझी." लोकांना हवं होतं ते मिळालं आणि जिना मोकळा झाला.

ती त्यानंतर थोडेच दिवस आली. बातम्या सुरू झाल्या की फोन वाजायचा. बाजारात भाजीवाल्या विचारायच्या, "काय गो ताय, आज पानी चढनार का उतरनार? तुलाच ठावं." गंमत म्हणून विचारायच्या, पण ती गंमत संपत नव्हती. एक दिवस ती आली नाही आणि मालकांनी तिच्या जागी एका मुलाला बसवलं. दिवाळीच्या आत वडिलांनी दुकान बंद केलं. पोलादपूर हे आईचं माहेर, तिकडे ते सगळे गेले. वडील वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.

मी तिथेच काम करत राहिलो. पाण्याची बातमी घ्यायला मात्र दर वेळी घाटावर जायचो, न चुकता, कधी कधी दिवसातून चारदा. त्याचा कोणाला काही उपयोग होता असं नाही. पुढे लोकांच्या हातात फोन आले. पाणी कुठवर आलं हे लोक पुलावर उभे राहून एकमेकांना दाखवू लागले. जाहिराती गेल्या, मालकही थकले. एका मार्चअखेरीस आम्ही निळं कापड उतरवलं. आता तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका आहे. मध्यंतरी वर जाऊन आलो. अंड्यांचे ट्रे काढलेत, पण भिंतीवर गोंदाचे डाग राहिलेत आणि त्यांच्याखाली मुलं मान खाली घालून बसलेली असतात.

मी लग्नांची, सत्कारांची शूटिंग करून पोट भरतो. गेल्या वर्षी पोलादपूरला एका अंगणवाडी सेविकेच्या निवृत्तीचा समारंभ होता. मी कॅमेरा लावून कानाला हेडफोन लावले होते. असे कार्यक्रम सुरू होण्याआधी माइक चालूच असतो आणि व्यासपीठाजवळची कुजबुज मला ऐकू येते. कोणीतरी बाई म्हणत होती, "ताई, तुम्हीच करा ना सूत्रसंचालन. तुमचा आवाज किती चांगला आहे."

"माइक नको मला," दुसरा आवाज म्हणाला. "सतरंज्या घालते, चहा बघते, काय ते सांगा. माइक नको."

मी तो आवाज रोज असाच, हेडफोनमधून, सात-आठ वर्षं ऐकला होता. मान वर करून बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. केस पांढरे झालेले, अंगणवाडीची साडी. ती चहाचे कप मोजत होती. पूर्ण कार्यक्रमात मी कॅमेरा तिच्या बाजूला वळवला नाही. घरी येऊन चित्रीकरण बघताना मला कळलं की सभागृहाची उजवी बाजू मी घेतलीच नाही. आयोजकांनी फोन करून तक्रार केली, "आमच्या अर्ध्या बायका दिसतच नाहीत." मी माफी मागितली. त्यांची माफी मागणं किती सोपं गेलं.

त्यानंतर मी दोनदा पोलादपूर स्टँडवर उतरलो आणि परतीची गाडी धरून आलो. तिसऱ्यांदा तिच्या घरी गेलो. रविवार होता, सकाळची वेळ. दोन खोल्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेली ओटी. ओटीवर आई सुपात कुळीथ निवडत बसली होती. ताई आतून पदराला हात पुसत आली आणि थबकली.

"दादा? तुम्ही कुठे इकडे?"

मी पाणी मागितलं नाही, बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो. उभ्यानेच सांगितलं. बारसं, बिरवाडी, पोलादपूरहून आलेला फोन, आदल्या दिवशीची कॅसेट. बोलताना माझं लक्ष तिच्या पायांजवळच्या कोंबडीकडे होतं.

तिने पुन्हा पदराला हात पुसले. मग म्हणाली, "भिंतीवर ऊन होतं."

मला कळलं नाही.

"वाचून झाल्यावर मी मॉनिटरकडे बघितलं. भिंतीवर ऊन पडलेलं दिसलं. बाहेर तर सकाळपासून पाऊस. माझ्या लक्षात आलं होतं, दादा. वाटलं, उघडीप पडली असेल मधेच. वाटलं, आता कुठे विचारायचं, मालक बसलेत. विचारलं असतं, तर तेव्हाही वेळ होता. बाबांना टपरीवर फोन करता आला असता." तिने पायाने कोंबडी बाजूला सारली. "म्हणून तुमचं नाव घेतलं नाही. माझीही चूक होतीच ना त्यात."

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं होतंत. आधीच विचारलं होतंत."

"ते ऊन मला अजून दिसतं," ती म्हणाली. आणि नंतर, पहिल्यांदाच जरा कठोर आवाजात, "मला वाटलं होतं, तुम्ही त्याच आठवड्यात याल. बाबा होते तेव्हा."

मी माफ करा म्हणालो. ते फार हळू आवाजात म्हणालो असेन, कारण तिने मान हलवली आणि ओटीकडे बोट केलं.

"मला नका सांगू. मी शेवटी वाचलंच होतं. आईला सांगा. तिला आजही वाटतं की मी न बघता काहीतरी वाचून मोकळी झाले. सणासुदीलाही एकदा तरी बोलून दाखवते. सांगा तिला. मोठ्याने सांगा, तिला कमी ऐकू येतं."

आई सूप खाली ठेवून माझ्याकडे निरखून बघत होती. "कोन हाय गो हा?"

"महाडच्या स्टुडिओतले. कॅमेरावाले दादा," ताई तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. "तो? चिखल उपसायला आलेला तो? बस रे बाबा. बरा पोरगा. तेवढा एकच आला होता हो." आणि ती सरकून मला जागा करू लागली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "काकू, त्या दिवशी पाण्याची बातमी चुकली, ती माझ्यामुळे."

"काय म्हणतो हा? नाय ऐकू येत."

मी आवाज चढवला. शेजारच्या अंगणात दोरीवर कपडे घालणारी बाई थांबली. समोरच्या घरातून कोणीतरी दारात आलं. उमेदीची सगळी वर्षं मी कॅमेऱ्यामागे घालवली होती, माणसांसमोर मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती. ताई खांबाला टेकून उभी होती, मला मदत करत नव्हती, आणि ते बरोबर होतं.

"काकू," मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणालो, "मी नदीवर गेलोच नव्हतो. आदल्या दिवशीचं चित्र लावलं. ताईने मला विचारलं होतं आणि मी तिला खोटं सांगितलं. तिची चूक नव्हती. काकांचीही नव्हती. फोटो माझ्यामुळे गेले. मी चिखल काढायला आलो तेव्हाही हे मला माहीत होतं, आणि मी तुमच्या घरचा चहा पिऊन गप्प निघून गेलो. मला माफ करा."